गोंगाटात माणसाचं बोलणं स्वच्छ रेकॉर्ड कसं करायचं?

पायवाट
मंडळी, मदत हवीय. मी लोकांशी गप्पा मारून त्या रेकॉर्ड करते, छोट्या छोट्या ऑडिओ गोष्टी बनवायला. विषयच असा घेतलाय की माणूस जिथं काम करतो तिथंच त्याला गाठायचं, म्हणजे फलाट, बाजार, सिग्नलजवळचा फुटपाथ, बांधकामाची साइट वगैरे. त्यांना शांत खोलीत बसवलं की ती माणसं एकदम जपून बोलायला लागतात आणि सगळी मजाच जाते, त्यामुळे 'जरा बाजूला घेऊन जा' हा सल्ला प्लीज नको :)

तर अडचण अशी, की तिथं उभी असताना मला त्यांचा शब्द न् शब्द कळतो आणि घरी येऊन ऐकलं की हॉर्न, ब्रेक, अनाउन्समेंट, शेजारच्या दोघांचं भांडण हे सगळं पुढं आणि ज्याला भेटायला गेले तो कुठेतरी मागे. नॉइज रिडक्शन मारलं तर गोंगाट कमी होतो पण आवाज बुडबुडल्यासारखा यायला लागतो. सध्या फोन हातात धरते, कधी ब्लूटूथ इअरबडवर घेते. शॉटगन माइक घ्यायचा विचार चाललाय. घेऊ का? की ॲपमध्येच काही सेटिंग असतं?

निवांत
शॉटगन घ्या, डोळे झाकून. शूटिंगवाले काठीला लावून तेच वापरतात, लांबूनही आवाज खेचतो. उरलेलं काम हल्लीचे एआयवाले ॲप करतात, फार डोकं लावू नका.

ध्वनिवेडा
निवांत, तुमच्या प्रतिसादाशी पूर्ण असहमत, रागावू नका. शॉटगन आवाज 'खेचत' वगैरे नाही. कॅमेऱ्याच्या झूमसारखं माइकमध्ये काही नसतं. त्याच्या पुढं जी लांब भोकाभोकांची नळी असते तिच्यामुळे बाजूने येणारे आवाज एकमेकांना खातात आणि समोरचा तेवढा सरळ आत जातो, बास. आणि हे सुद्धा वरच्या पट्टीतल्या आवाजांपुरतं. बस-ट्रकची खालची घरघर त्या नळीला जुमानत नाही, ती सगळीकडून येते. शिवाय समोरचा म्हणजे समोरचं सगळं. माणसाच्या मागे वीस फुटांवर स्पीकर कोकलत असेल तर तोही त्याच रेषेत आहे, तोही येणार. छपराखालच्या फलाटावर तर आवाज आपटून आपटून चारी बाजूंनी येतो, तिथं शॉटगनचा निम्मा फायदा संपतो. काठीवरून वापरतात ते खरंय, पण ती काठी असते कशाला? माइक फ्रेममध्ये न दिसता जितका जवळ नेता येईल तितका न्यायला.

पायवाटताई, तुमच्या प्रश्नाचं निम्म्याहून जास्त उत्तर अंतरात आहे. मोकळ्या जागेत तोंड आणि माइक यातलं अंतर निम्मं केलं की बोलणं ६ डीबीने (डेसिबल, आवाज मोजायचं माप) वाढतं. गोंगाट मात्र सगळीकडून येत असतो, तुम्ही माइक हातभर पुढं सरकवल्याने तो कमीजास्त होत नाही. आता हिशोब करा. साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डीबी. वाहता रस्ता ७५ धरू. म्हणजे एक मीटरवरून बोलणं गोंगाटाच्या १५ डीबी खाली, कितीही भारी माइक आणा. तोच माइक ५० सेंमीवर आणला, मग २५, मग १२, म्हणजे तीनदा निम्मं, १८ डीबीची कमाई. बोलणं ७८ वर गेलं, गोंगाट ७५ वरच. त्यात गोंगाटात माणूस आपसूक आवाज चढवतो ते वेगळंच. एतिएन लोंबार्ड नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरने हे १९११ मध्ये मांडलं, त्याच्याच नावाने लोंबार्ड इफेक्ट म्हणतात. म्हणजे कुठलंही ॲप न लावता तुम्ही गोंगाटाच्या वर आलात. हे १८ डीबी मागाहून कुठल्याही सॉफ्टवेअरने एवढ्या स्वच्छ मिळत नाहीत.

टिंब
छान समजावलंत. पण एक कळत नाही, मग तिथं उभं असताना कानाला कसं काय नीट ऐकू येतं? कान तर माइकपेक्षा पण लांब असतो की.

ध्वनिवेडा
टिंब, भारी प्रश्न. कान नाही, मेंदू ऐकतो. दोन कानांत आवाज पोचायच्या वेळेत बारीकसा फरक असतो, त्यावरून मेंदू दिशा काढतो आणि एका दिशेवर लक्ष देऊन बाकीचं मागे ढकलतो. वर ओठ दिसत असतात, विषय माहीत असतो, अर्धवट शब्द पण पुरा करून घेतो. कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकाने १९५३ मध्ये यावर प्रयोग केले, लोकांना एकाच वेळी दोन वेगळे निरोप ऐकवून. कॉकटेल पार्टी इफेक्ट म्हणतात तो हाच. एका माइकवर सगळं एका तारेत आलं की दिशा गेली, ओठ गेले, मेंदूकडे हत्यारंच उरत नाहीत. म्हणून जागेवर कानावर विश्वास ठेवायचा नाही. कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावून माइक काय ऐकतोय ते ऐकायचं. थोडं विचित्र दिसतं, लोक बघतात, बघू द्या.

काजवा
ध्वनिवेडा +१. मी बरीच वर्षं बातम्यांसाठी रस्त्यावर बाइट घेतल्यात त्यामुळे थोडं हातातल्या माइकविषयी.

माइक हनुवटीच्या खाली, तोंडापासून चार बोटं ते वीतभर, आणि टोक वर तोंडाकडे थोडं तिरकं. अगदी तोंडासमोर सरळ धरला की प-फ-भ ला फुस्स फुस्स येतं. माइक तुमच्याच हातात ठेवा!! समोरच्याच्या हातात दिला की दुसऱ्या मिनिटाला तो हातवारे करायला लागतो आणि माइक कमरेशी. तुमचा प्रश्न आला की माइक स्वतःकडे, उत्तराला परत तिकडे, आणि हे हळू करायचं नाहीतर पहिला शब्द अर्धा जातो. माइकची वायर बोटाला एक वेढा देऊन धरली तर खुडखुड कमी येते.

आता उभं कुठं राहायचं ते. ह्यात बरेच जण उलटं करतात. कार्डिऑइड माइक असेल (गाणाऱ्यांच्या हातात दिसतो तो शुअरचा एसएम५८ हा त्यातला, १९६६ पासून चालू आहे) तर तो समोरचं घेतो आणि त्याची पाठ सगळ्यात बहिरी असते. माइक बघतो माणसाच्या तोंडाकडे, म्हणजेच माणसाच्या पाठीमागे जे काय आहे तिकडे पण. मग माणसाला रस्त्याकडे पाठ करून उभं केलंत तर माइक थेट रस्त्याकडे तोंड करून बसला ना! म्हणून रस्ता तुमच्या पाठीशी, आणि बोलणाऱ्याच्या पाठीमागे शांत बाजू. आणि माइकची जाळी मुठीत धरू नका, मागची भोकं बुजली की त्याचा कार्डिऑइडपणा संपला, मग तो सगळीकडचं घेतो.

उंबरठा
काजवा, हे हातातल्या कार्डिऑइडला बरोबर, पण कॉलर माइकला नेमकं उलटं होतं हे पण सांगा की, नाहीतर लोक गोंधळतील. छातीला लावायचे छोटे माइक बहुतेक ओम्नी असतात, म्हणजे दिशा नाही, सगळीकडचं सारखं. तिथं माइकला आडोसा द्यायला माणसाचं शरीरच असतं. म्हणून कॉलर माइक असेल तर माणसाची पाठ रस्त्याकडे, छाती शांत बाजूला. अंग मध्ये आल्याने हॉर्न, ब्रेकची किंचाळी, लोकांचा कलकलाट बऱ्यापैकी दबतो. इंजिनची घरघर अंगाला वळसा घालून येतेच, ती मागाहून फिल्टरने काढता येते.

आणि माझ्या मते पायवाटताईंच्या कामाला कॉलरच बरा. हातातला माइक नाकासमोर आला की साधी माणसं टीव्हीवर आल्यासारखी बोलतात, ज्याला त्या टाळतायत तेच होणार. कॉलर लावला की पाच मिनिटांत विसरतात. शिवाय ज्याचे हात कामात आहेत तो काम करता करता बोलू शकतो.

काजवा
विसरतात हे मान्य, पण कपड्याचा आवाज? ओढणी, स्कार्फ, गळ्यातली साखळी, जॅकेटची चेन... माणूस वाकला की खर्रर्र. आणि मान वळवून बोलला की आवाज गेला. काम करणारा माणूस वळणारच.

उंबरठा
म्हणून लावायला दोन मिनिटं द्यायची असतात, आणि विचारून लावायचं, परक्या माणसाच्या छातीशी हात न्यायचा नाही, त्यालाच लावायला सांगायचं. छातीच्या मध्यावर, हनुवटीपासून वीतभर खाली. अगदी गळ्याशी लावला तर हनुवटीचा आडोसा येऊन आवाज दबका होतो. साखळी असली तर शर्टाच्या आत टाकायला सांगा. वायरीचा छोटा फास करून तो क्लिपमध्येच अडकवायचा, म्हणजे वायर खेचली तरी धक्का माइकपर्यंत पोचत नाही. माणूस जास्त करून एका बाजूला बघून काम करत असेल तर माइक त्या बाजूच्या कॉलरवर. आणि इतकं करूनही फारच गोंगाट असेल, म्हणजे यंत्राशेजारी वगैरे, तर गालाशी येणारा हेडसेट माइक, तोंडापासून दोन बोटांवर. दिसायला बरा नाही पण ऑडिओत कोण बघतंय :D

पायवाट
बापरे, केवढं लिहिलंत, थँक्यू सगळ्यांना. म्हणजे शॉटगन बाद. आता फोनचं सांगा. आत्ता लगेच काही घेणं झालं नाही तर फोनवरच चांगलं कसं घेऊ? आणि इअरबडवर काय बिघडतं? ते तर तोंडाच्या जवळच असतात.

ध्वनिवेडा
इअरबड कानात असतात ताई, तोंडाजवळ नाही. त्यातला माइक गालाच्या बाजूने येणारा आवाज उचलतो. शिवाय ब्लूटूथवर माइक चालू केला की बहुतेक इअरबड कॉलच्या मोडमध्ये जातात आणि आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला येतो, म्हणजे सेकंदाला तेवढे हजार नमुने, आणि त्याच्या निम्म्यापर्यंतचेच सूर त्यात मावतात. ८ असेल तर ४००० हर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही आणि 'स', 'श'ची बरीचशी ताकद तिथंच असते. त्यातून तो सतत आपल्या मनाने गोंगाट काढत बसतो. कॉलला ठीक, रेकॉर्डिंगला नको.

त्यापेक्षा फोनच माइक म्हणून वापरा. खालच्या कडेला जो बोलायचा माइक असतो ती कड समोरच्याच्या हनुवटीखाली धरायची, काजवांनी सांगितलं तसंच. बोटाने भोक झाकत नाही ना ते बघा. एअरप्लेन मोड टाका, कॉल आला की काही ॲप रेकॉर्डिंग गपचूप थांबवतात. ॲपमध्ये ऑटो गेन (आवाज आपोआप कमीजास्त करणारं सेटिंग) असं काही असेल तर बंद. ते चालू असलं की माणूस श्वास घ्यायला थांबला रे थांबला की ॲपला वाटतं आवाज कमी झाला, ते गेन चढवतं आणि गोंगाट उसळी मारून वर येतो, परत बोलला की खाली. हा हेलकावा मागाहून निघत नाही. अँड्रॉइड ७ पासून ॲपला काहीही प्रक्रिया न केलेला कच्चा आवाज मागता येतो, फोन बनवणाऱ्याने सोय ठेवली असेल तर. ॲपच्या सेटिंगमध्ये 'अनप्रोसेस्ड' किंवा 'रॉ' दिसतंय का बघा. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, जमलं तर २४ बिट. लेव्हल मोठ्यातल्या मोठ्या बोलण्याला मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास जाईल अशी, कारण माणूस मध्येच खो खो हसतो नाहीतर शेजारून हॉर्न वाजतो.

निवांत
आता ३२ बिट फ्लोटवाले रेकॉर्डर आलेत, अगदी बारीक ते अगदी मोठा आवाज एकाच फाइलमध्ये मावतो, लेव्हल बघायचीच गरज नाही.

ध्वनिवेडा
लेव्हलची काळजी खूप कमी होते हे खरंय. पण माइकचा पडदाच आवाजाने किंवा वाऱ्याने कोलमडला असेल तर फ्लोट त्याला काय करणार. आणि बोलणं आणि गोंगाट यांच्यातलं अंतर त्याने एक डीबी सुद्धा बदलत नाही, दोन्ही सोबतच वर जातात आणि सोबतच खाली येतात. या धाग्याचा रोग तो नाही.

निवांत
बरं बाबा. पण एआयचं तरी कबूल करा की. मी ऐकलेत नमुने, अक्षरशः स्टुडिओत बसून बोलल्यासारखं करून देतात.

खडूफळा
निवांत, मी मुलाखती ऐकून उतरवून काढायचं काम करते, त्यामुळे ह्यावर बोलायचा मला थोडा हक्क आहे :) पंख्याचा, एसीचा, वीजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीचा, असा एकसारखा आवाज असेल तर जुनी पद्धत पण चालते, ऑडॅसिटी या ऑडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसत्या गोंगाटाचा तुकडा दाखवायचा, ते त्याचा ठसा घेऊन बाकीच्यातून वजा करतं. बाजारातला गोंगाट एकसारखा नसतो आणि मुख्य म्हणजे तो माणसांच्याच बोलण्याचा असतो. त्याचा ठसा आणि मुलाखतीतल्या माणसाचा ठसा जवळपास एकच, मग वजाबाकीत दोघंही कापले जातात. ते बुडबुडे तिथूनच येतात, इकडेतिकडे सुटलेले सुरांचे तुकडे.

नवे एआयवाले त्या मानाने खूपच पुढे आहेत, मान्य. पण ते अंदाज करतात. गोंगाटात बुडालेलं व्यंजन एक तर गाळतात नाहीतर गुळगुळीत करतात. ऐकायला एकदम गोड लागतं आणि तिथंच फसायला होतं. मराठीत 'करतो' आणि 'करतोस' यात फरक फक्त शेवटच्या 'स'चा. बसने ब्रेक मारला आणि नेमका तेवढा 'स' गेला की माणूस स्वतःबद्दल बोलतोय की तुमच्याबद्दल हेच बदललं. 'केलं' आणि 'केलंस'चं तेच. गोंगाटवाल्या फाइलमध्ये मला निदान कळतं की इथं काहीतरी बुडालंय, मी कंसात प्रश्नचिन्ह टाकते. साफ केलेल्या फाइलमध्ये शंकाच येत नाही. त्यामुळे उतरवून काढायला नेहमी मूळ फाइल द्या, साफ केलेली नको. मूळ फाइल कधीच पुसू नका.

निवांत
हे मात्र पटलं. स चा मुद्दा डोक्यातच आला नव्हता.

उंबरठा
खडूफळा, क्या बात! माझी भर एवढीच की साफ करायचंच तर अर्धवट करा. गोंगाट शून्यावर नेण्याचा हट्ट सोडला आणि ६ ते १० डीबी खाली आणला तरी कान सुखावतो, आवाजाचं वाटोळं होत नाही. आधी ८०-१०० हर्ट्झच्या खालचं फिल्टरने कापा, पुरुषाचा खर्ज आवाज पण साधारण ८५ च्या वरच सुरू होतो, त्यामुळे बोलण्याचं काही जात नाही आणि ट्रक निम्मे गायब. मग २ ते ४ हजार हर्ट्झच्या मध्ये जरासं उचला, शब्द तिथं स्पष्ट होतात. जरासंच, नाहीतर कानात टोचतं. आणि तुमच्या गोष्टीत ती जागा ऐकू यायलाच हवी ना? फलाटावरच्या माणसाच्या मागून फलाट पूर्ण काढून टाकलात तर तिथं जायचं कशाला.

त्यासाठी गप्पा झाल्या की त्याच जागी, त्याच माइकवर, काही न बोलता अर्धा-एक मिनिट नुसती जागा रेकॉर्ड करून आणा. दोन वाक्यांच्या मध्ये कापाकापी केली की तिथं पोकळी ऐकू येते, ती ह्या तुकड्याने बुजते.

टिंब
मागे गाणं लागलं असेल तर?

काजवा
तर जागा बदला, निदान ते गाणं संपेपर्यंत थांबा. गोंगाट कुठेही कापला तरी चालतो, गाणं कापलं की ताल तुटतो आणि कापलेलं लगेच कळतं. वर ऑनलाइन टाकल्यावर गाण्याच्या हक्कावरून फाइल अडकते ते वेगळं.

आणि वाऱ्याचं कोणीच बोललं नाही अजून. उघड्यावर गोंगाटापेक्षा वारा जास्त घात करतो. नुसता स्पंज फुंकरीला आणि प-फ ला पुरतो, वाऱ्याला केसाळ टोपी लागते. फोन असेल तर वाऱ्याकडे पाठ करून आपल्या अंगाचा आडोसा करा. बाकी जाता जाता, बातमीवाले अजूनही हातात ओम्नी माइक का वापरतात, उदा. इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई५०, याचं कारण हेच. ओम्नीला वारा आणि हाताची खुडखुड कमी लागते, तोंडाजवळ नेला तर आवाज उगाच घुमत नाही, आणि माणसाने मान हलवली तरी फरक पडत नाही. जवळ धरायचाच आहे म्हटल्यावर दिशेची फार गरज उरत नाही.

पायवाट
ओके, मग ठरलं असं की आधी वायरचा साधा कॉलर माइक फोनला लावून बघते, शर्टाची बटणं आणि रस्ता कुठल्या बाजूला हे बघून. मोठा हेडफोन आहे घरात. एकच शंका उरली, बोलता बोलता मध्येच अनाउन्समेंट सुरू झाली तर काय करायचं? माणूस रंगात आलेला असतो, त्याला थांबवणं जिवावर येतं.

काजवा
थांबवू नका, बोलू द्या, मान डोलवत राहा. अनाउन्समेंट संपली की म्हणा, 'मघाशी ते काय म्हणालात, गाडी सुटल्यावर काय झालं ते? आवाजात नीट ऐकू नाही आलं.' खरंच आलेलं नसतं त्यामुळे माणसाला पटतं. फक्त वाक्य पहिल्यापासून बोलायला लावा, शेवटचे चार शब्द नुसते परत घेतलेत तर जोडता येत नाहीत, सूर वेगळा लागतो. आणि बऱ्याचदा दुसऱ्यांदा सांगताना माणूस आधीपेक्षा सुटसुटीत सांगतो. दोन्ही ठेवा, कुठलं वापरायचं ते घरी ठरवा.

खडूफळा
आणि तेव्हा घड्याळातली वेळ कागदावर टिपून ठेवा. माझ्यासारखीला दोन तासांच्या फाइलमध्ये ती जागा शोधत बसायला लावू नका :)

टिंब
वाचनखूण साठवली. पायवाट, पहिली रेकॉर्डिंग झाली की तुकडा इथं टाका, आधीचा एक आणि नंतरचा एक.